आंबोलीचा झुडपी बेडूक : नाव आणि वस्ती

सिंधुदुर्गातल्या आंबोलीचे नाव धारण करणारा झुडपी बेडूक शास्त्राच्या दप्तरात २००९ मध्ये नोंदला गेला. सत्यभामा दास बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बॉस्युट यांनी त्या वर्षी पश्चिम घाटातल्या बारा नव्या जातींचे वर्णन एकत्र प्रसिद्ध केले, त्यांतली ही एक. आंबोलीच्या रानात पाऊस स्थिरावला की अंधार पडताच नर झुडपाच्या पानावर येऊन बसतो, गळ्याखालची पिशवी फुगवतो आणि ओरडू लागतो. बोटांच्या टोकांना चपट्या गाद्या असल्याने ओल्या पानावरूनही तो घसरत नाही.

इतका बोलका प्राणी इतकी वर्षे बिननावाचा राहिला, याचे कारण जुन्या अभ्यासपद्धतीत आहे. एकोणिसाव्या शतकापासून अशा बेडकांना ‘इक्झालस’ या वंशात घालत. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्ये मुंबई इलाख्यातल्या कॅसल रॉकच्या बेडकाला ‘इक्झालस बॉम्बेयेन्सिस’ म्हटले. पण इक्झालस हे नाव त्याआधीच एका सस्तन प्राण्याला दिलेले होते. एकच नाव दोन वंशांना चालत नाही, म्हणून ते मागे पडले आणि गिस्टलने १८४८ मध्ये दिलेले ‘फिलॉटस’ रूढ झाले. पुढे भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियातले कितीतरी छोटे झुडपी बेडूक या एकाच नावाखाली जमा होत गेले.

अभ्यासकाच्या हाती तेव्हा असायचा तो बरणीतला नमुना. मद्यार्कात ठेवलेल्या बेडकाचा रंग काही दिवसांतच उतरतो, आणि आवाज तर बरणीत येतच नाही. त्यातून या बेडकांत एकाच जातीतले दोन नर रंगाने वेगळे दिसू शकतात, तर दोन निराळ्या जाती हुबेहूब सारख्या. रात्री रानात ध्वनिमुद्रण करणे आणि ऊतीतून डीएनए तपासणे शक्य झाले, तेव्हा कुठे हा गुंता सुटू लागला. २००९ चे काम या दोन्ही आधारांवर उभे आहे.

जात ठरली, तरी वंशाचा प्रश्न उरला. डीएनएच्या वंशावळीत भारत-श्रीलंकेचे बेडूक आग्नेय आशियातल्या खऱ्या फिलॉटसपासून वेगळे निघाले. तेव्हा ‘स्यूडोफिलॉटस’ हे जुने नाव पुन्हा वापरात आले. ते १९४३ मध्ये रेमंड लॉरां या बेल्जियन शास्त्रज्ञाने दिले होते.    २०१० मध्ये भारताच्या मुख्य भूमीवरच्या बहुतेक झुडपी बेडकांसाठी ‘राओर्केस्टेस’ हा वंश निघाला. बंगळुरूचे सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ ठेवलेले हे नाव उचितच आहे. त्यांनी १९३७ मध्ये दक्षिण भारतातले अनेक बेडूक वर्णिले होते; त्यांचे मूळ नमुने पुढे हरवले. अ‍ॅनंडेलचा कॅसल रॉकचा बेडूक राओर्केस्टेसमध्ये गेला, आंबोलीचा मात्र स्यूडोफिलॉटसमध्ये.

ही वाटणी किरकोळ नाही. स्यूडोफिलॉटसच्या सत्तरहून अधिक जाती श्रीलंकेतल्या आहेत, पश्चिम घाटात मोजक्याच. समुद्राची पातळी खाली गेली की पाल्कच्या उथळ सामुद्रधुनीत जमीन उघडी पडत असे. श्रीलंकेत वाढलेल्या या वंशाची एक शाखा त्या वाटेने भारतात आली, असे वंशावळ सांगते. म्हणजे आंबोलीच्या बेडकाचे जवळचे आप्त शेजारच्या घाटापेक्षा समुद्रापलीकडे जास्त आहेत.

त्याची वस्ती दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीपुरती आहे. या बेडकांना भैकेर, म्हणजे शेपटीचे पिल्लू, होत नाही. अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर पडतो. डबक्याची गरज त्यामुळे संपली, पण अंडी वाळू नयेत इतका ओलावा हवाच. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अजिंठ्याच्या रांगेत मात्र त्याचा लहानसा हिस्साच पोचतो आणि डोंगर हिवाळ्यातच करडे होतात. अशा कोरड्या मुलखालाही सोसणारा झाडबेडूक म्हणजे ‘पॉलिपेडेटस मॅक्युलेटस’. ग्रेने १८३० मध्ये वर्णिलेला हा बेडूक पाण्यावर झुकलेल्या जागी फेसाचे घरटे करतो, त्यातले भैकेर खाली पाण्यात पडतात, आणि डबके दोन-तीन महिने टिकले तरी त्याचे भागते. म्हणून तो द्वीपकल्पभर पसरला. याउलट आंबोलीच्या बेडकाला जागतिक लाल यादीतल्या सुरुवातीच्या मूल्यांकनात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले गेले, त्यामागे मुख्य कारण होते त्याचा छोटा, तुकड्यातुकड्यांचा अधिवास आणि त्यात वाढणारी माणसांची ये-जा.