टॅक्स कापला, पण खात्यात दिसत नाही!

मी लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरून देतो. दरवर्षी एक प्रश्न ठरलेला: "साहेब, टॅक्स तर कापून घेतला, मग ही डिमांड कसली?" उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

इन्कम टॅक्स आपल्याकडे १८६० साली आला. १८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी खाली झाली होती, म्हणून जेम्स विल्सन यांनी तो लावला. पुढे टीडीएस आला, तोही कितीतरी वर्षं कागदावर चालला. कापणाऱ्यानं सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट द्यायचं, आपण ते रिटर्नला टाचायचं. कागद गहाळ व्हायचे, हेलपाटे पडायचे. पण पुरावा आपल्या हातात असायचा.

मग रिटर्न ऑनलाइन झालं, सर्टिफिकेट टाचणं बंद झालं आणि फॉर्म २६एएस आला. सोय मोठीच झाली. पण गोम अशी, की खातं आपल्या नावाचं आणि त्यात लिहिणार दुसराच! कापणाऱ्यानं पॅनचं एक अक्षर चुकवलं की आपला टॅक्स आपल्या खात्यात येतच नाही. ते आपल्याला दुरुस्त करता येत नाही, सीएलाही नाही. कापणाऱ्यानंच दुरुस्ती भरायची. तोवर बंगळुरूच्या सेंटरमधून डिमांड निघालेली असते, वर व्याज.

यावर कायदा गप्प नव्हता. १९६१ च्या कायद्याचं कलम २०५ सांगत होतं, की कापलेला टॅक्स पुन्हा त्याच माणसाकडे मागायचा नाही. एका सीएच्या पत्रावरून दिल्ली हायकोर्टानं हा विषय स्वतःहून हाती घेतला आणि १४ मार्च २०१३ रोजी निकाल दिला: कापणाऱ्याच्या चुकीचा भुर्दंड करदात्याला नको.

तरी त्रास संपला नाही. ७ जून २०२१ ला नवं पोर्टल आलं आणि कित्येक आठवडे लॉगिनच धड होईना. शेवटी त्या वर्षीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. त्याच नोव्हेंबरात एआयएस आलं. व्याज, डिव्हिडंड, शेअर, सगळं त्यात दिसतं. तिथे 'हे माझं नाही' असं कळवता तरी येतं, पण तेही आधी बघितलं तर!

म्हणून सांगतो, स्क्रीनवर विसंबू नका. फॉर्म १६ए, बिलं, बँक स्टेटमेंट जपून ठेवा. जूनमध्येच २६एएस ताडून बघा आणि फरक दिसला तर कापणाऱ्याला लेखी कळवा. सीएवर चिडून काही होत नाही. जे तुम्हाला दिसतं, तेच त्याला दिसतं.

कागद गेला, चालेल. पुरावा जाऊ देऊ नका.