दिव्याची काच आणि खारा वारा

कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर १९८१ सालच्या पहिल्या दिवशी झाले. परंतु रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत पसरलेल्या त्याच्या किनाऱ्याला रात्रीच्या उजेडाची जी विवंचना पूर्वापार होती, ती त्या नामांतराने मिटली नाही. आज या किनाऱ्यावरचा एखादा गृहस्थ सुटीच्या दिवशी अंगणात बसून आपल्या मोटारीचा हेडलाइट उकलतो, आत साचलेले दव पुसतो आणि काच पुन्हा चिकटवून बसवतो, तेव्हा शेजारीपाजारी त्याच्याकडे हौशी, किंवा स्पष्टच सांगायचे तर उपद्व्यापी, माणूस म्हणून पाहतात. वास्तविक त्याचा हा उपद्व्याप म्हणजे या मुलखातल्या एका जुन्या नित्यकर्माचा उरलेला अवशेष आहे. आणि दिवा उघडण्याचे जे काम एके काळी रोजचे कर्तव्य होते, ते पुढे आगाऊपणाचे आणि त्याहीपुढे कायद्याच्या नजरेत येणारे कसे ठरले, हे पाहण्यासारखे आहे.

या किनाऱ्याचा हमरस्ता मुळात समुद्र होता. मुंबईहून निघालेला माणूस आगबोटीने रेवसला किंवा धरमतरला उतरे आणि पुढचा प्रवास बैलगाडीने, टांग्याने अथवा पायी करी. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्या काळापर्यंतही अलिबागकरांची सरळ वाट हीच होती. साहजिकच सरकारने मोठे दिवे उभारले ते दर्यावर्दी लोकांसाठी. खांदेरी बेटावरचा दीपस्तंभ १८६७ सालचा आहे. जमिनीवरच्या वाटसरूच्या वाट्याला गाडीच्या आसाखाली लोंबणारा कंदील येई, आणि त्याच्या उजेडात बैलांचे पाय व चाकांची धूळ यांपलीकडे फारसे काही दिसत नसे. मात्र तो कंदील रोज संध्याकाळी उघडला जाई. काचेवर धरलेली काजळी राखेने व जुन्या फडक्याने पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचे आणि काच पुन्हा तारेच्या पिंजऱ्यात बसवायची, हा प्रत्येक घरातला तिन्हीसांजेचा शिरस्ता होता. आणि ज्या घरातली काच धुरकट राही, त्या घराच्या नीटनेटकेपणाविषयी गावात प्रतिकूल मत होई.

मोटार आली ती या शिरस्त्यावर आपला दिवा घेऊनच. पहिल्या मोटारींचे मोठे दिवे कार्बाइडचे असत. ही वस्तू आता दृष्टीआड झाली असल्याने तिचे थोडे सविस्तर वर्णन केले पाहिजे. मोटारीच्या पायफळीवर पितळेचे एक भांडे बसवलेले असे. त्याच्या वरच्या कप्प्यात पाणी आणि खालच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बाइडचे करडे खडे. मधली बारीक तोटी किंचित सैल केली की पाण्याचा एकेक थेंब खड्यांवर पडे, खडे फसफसत, लसणासारखा उग्र दर्प सुटे आणि तयार झालेला ॲसिटिलीन वायू रबरी नळीतून पुढच्या दोन दिव्यांकडे जाई. मग गाडीवान खाली उतरून दिव्याची काच बिजागरीवर उघडी आणि आगकाडी लावी. वारा असला तर दोन-चार काड्या वाया जात. ज्योत लागली म्हणजे मात्र उजेड असा पांढराशुभ्र पडे की कंदिलाला सरावलेल्या डोळ्यांना तो सोसत नसे. मुक्कामी पोचल्यावर भांड्यात उरलेला चुन्याचा पांढरा रेंदा खरवडून काढायचा, चांदीचा मुलामा दिलेला मागचा परावर्तक मऊ कातड्याने पुसायचा आणि ज्योतीची चिमुकली भोके सुईने मोकळी करायची, हे काम चुकवता येत नसे.

किनाऱ्याचा खरा त्रास येथून सुरू होतो. कार्बाइडला पाणी हवे असते ते चालकाच्या इच्छेने. परंतु रायगडच्या हवेत ते पाणी कोणाच्या इच्छेची वाट पाहत नाही. डबा नीट बंद केला नाही तर खडे आपोआप हवेतला ओलावा ओढून घेऊन फुटत, त्यांची पिठूळ भुकटी होई आणि ऐन वेळी खाली नुसता चुना सापडे. म्हणून डब्याच्या झाकणाच्या कडेला मेण किंवा लाख लावून ते बंद करण्याची दक्षता शहाणी माणसे घेत. पुढे सरकारनेही या पदार्थाची दखल घेतली. १९३७ सालच्या कार्बाइडविषयक नियमांनी साठ्यासाठी परवाना आणि हवाबंद, जलबंद डबे यांचे बंधन घातले. हुकमाच्या कितीतरी आधी खाऱ्या वाऱ्याने तेच बंधन घरोघर घालून ठेवले होते. माझ्या मते हेडलाइटची काच ‘सील’ करण्याच्या कलेचा उगम या किनाऱ्यापुरता तरी त्या मेणाच्या कडेत शोधावा.

विजेचे दिवे मोटारीवर आले ते विद्युत्-प्रारंभकाच्या सोबतीने. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९१२ साली असा प्रारंभक बाजारात आणला, त्यामुळे गाडीवर मोठी बॅटरी व डायनामो ठेवणे भाग पडले आणि ती शक्ती दिव्यांनाही मिळाली. येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. खुद्द अलिबागेशी विजेची पहिली ओळख मोठ्या विचित्र रीतीने झाली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणे बिघडणार, या भीतीने शास्त्रज्ञांनी १९०४ साली अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा स्थापन केली. तिच्या बांधकामात लोखंडाचा स्पर्शही होऊ दिला नाही. म्हणजे विजेपासून दूर पळण्यासाठी जे गाव निवडले गेले, त्याच गावाच्या रस्त्यावर काही वर्षांनी प्रत्येक मोटार आपली स्वतःची वीज घेऊन फिरू लागली.

विजेच्या दिव्याला आगकाडी नको होती, तेल नको होते. तरी त्याची काच उघडावीच लागे. चौकटीचा एक स्क्रू सोडला की काच हातात येई, तिच्यामागे बुचाच्या लाकडाची किंवा रबराची कडी असे, आणि ही कडी दोन पावसाळ्यांत आखडून जाई. मग उतारू नेणाऱ्या खाजगी सर्व्हिस मोटारीचा चालक सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल पट्टी कातरी, ती सोल्युशनने चिकटवी आणि काच दाबून बसवी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढे खाजगी सर्व्हिस मोटारी मागे पडल्या. परंतु ट्यूबची पट्टी टिकून राहिली. कार्ल्याच्या खिंडीत, सुकेळी खिंडीत किंवा पोलादपुराहून कशेडीचा घाट चढताना आषाढाच्या पावसात काचेच्या आत पाणी शिरले की चांदीच्या मुलाम्यावर प्रथम तांबूस छटा येई, मग काळे डाग, आणि उजेड विटका होऊन रस्त्याच्या कडेची पांढरी दगडी खूणदेखील दिसेनाशी होई.

अमेरिकेने या दुखण्यावर १९४० च्या सुमारास जालीम उपाय काढला. काच, परावर्तक व तंतू ही तिन्ही वितळवून एकजीव केलेला ‘सील्ड बीम’ दिवा तेथे सक्तीचा झाला. तो बिघडला की फेकायचा, उघडायचा नाही. आपल्या अँबॅसडर आणि फियाट गाड्यांना दिवा गोल, सात इंचाचाच बसला, परंतु काटकसरी देशाला परवडेल असा अर्धा बंद. काच आणि परावर्तक एकत्र जोडलेले, बल्ब मात्र मागून रबरी टोपी काढून बदलता येणारा. ती टोपी फाटली की आत वारा शिरे, आणि मिस्त्री पुन्हा ट्यूबच्या पट्टीकडे वळे.

घरोघर दिव्यांत फेरबदल झाले ते मात्र युद्धाच्या हुकमाने. ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध पेटले आणि मुंबईत काळोख पाळण्याचे फर्मान निघाले. खाडीपलीकडे तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र व तेलशुद्धीकरणाचे कारखाने. अलीकडे उरण, करंजा, रेवस, मांडवा. मुंबईच्या बंदरातला काळोख किनाऱ्याच्या या बाजूला उजेड राहिल्यास निरर्थक ठरला असता. खिडक्यांना तपकिरी कागद खळीने चिकटवले गेले आणि मोटारींच्या दिव्यांच्या काचांचा वरचा अर्धा भाग काळा करण्यात आला. ज्याच्या हाताशी ऑइलपेंट होता त्याने तो लावला, नसेल त्याने काळा कागद डकवला. पण बल्बच्या उष्णतेने कागद करपून सुटे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावा लागे. १७ डिसेंबरला पश्चिम आघाडीवर तोफा थांबल्या. त्यानंतर हा रंग दाढीच्या ब्लेडने व रॉकेलने खरवडणे हा एक नवाच उद्योग झाला; काहींनी तो खरवडलाच नाही.

शांततेच्या काळातही काचेवर रंग लावण्याची रीत आपल्याकडे होतीच. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून काचेच्या मध्यावर काळा ठिपका, नाहीतर वरच्या अर्ध्या भागावर पिवळा किंवा काळा पट्टा. वाहतूक पोलीस मोहीम काढून नाक्यावर हाती ब्रश घेऊन उभे राहत, आणि ट्रकांच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही विनंती रंगवलेली असे. ठिपक्याचे समर्थन करता येईल. तो तंतूचा थेट डोळ्यांत जाणारा किरण अडवतो. अर्ध्या काळ्या काचेचे समर्थन करणे मात्र मला कठीण वाटते. डिपरचा तंतू बल्बमध्ये एका लहानशा धातूच्या वाटीवर बसवलेला असतो, त्यामुळे त्याचा उजेड केवळ परावर्तकाच्या वरच्या भागावर पडून खाली रस्त्याकडे वळतो. म्हणजे वरची अर्धी काच काळी केली की मंद, विनयशील डिपर झाकला जातो आणि डोळे दिपवणारा अपर मात्र खालच्या अर्ध्या काचेतून सुखाने बाहेर पडतो. सद्हेतूने काढलेल्या हुकमांचा असा विपर्यास आपल्या कारभारात अपूर्व नाही.

नंतरची क्रांती प्लॅस्टिकची. काचेची जागा पॉलिकार्बोनेटने घेतली, गोल दिव्याचे लांबट डोळे झाले, आणि कारखान्यात झाकण व घर यांच्यामधल्या खोबणीत ब्यूटिल नावाचा काळा, चिवट लगदा भरून ती जोडण्यात येऊ लागली. स्क्रू गेला. दिवा प्रथमच मालकाच्या हातून पूर्णपणे निसटला, आणि नेमक्या त्याच दिव्यावर या किनाऱ्याची हवा अधिक जोराने चालून आली. पेटलेला दिवा तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. गाडी पाण्यातून गेली किंवा पावसाची सर आली की दिवा एकदम गार होतो आणि सांध्यातल्या सूक्ष्म फटीतून ओलसर खारी हवा आत ओढतो. हा श्वासोच्छ्वास सुरक्षित व्हावा म्हणून कारखानदार मागे वाकड्या नळीची वाट ठेवतो. सावकाश उडून जाणारे दव म्हणजे रोग नव्हे. तळाशी पाणी साचले तरच दिवा उघडावा.

उघडण्याची रीत अशी. दिवा गाडीतून सोडवून नव्वद-शंभर अंश उष्णतेत, कोणी ओव्हनमध्ये तर कोणी गरम हवेच्या यंत्राने, काही मिनिटे तापवतात. लगदा मऊ झाला की कडेचे खटके उचलून झाकण हळूहळू ओढतात, तेव्हा काळ्या तारा लांबत जातात आणि एखादी बोटाला चिकटून चटका देते. जुना लगदा खोबणीतून पुरता काढावा लागतो. नवी ब्यूटिलची दोरी एकाच तुकड्यात, जोड वरच्या बाजूला येईल अशी बसवून, दिवा पुन्हा तापवून झाकण दाबतात. हे काम पाहताना होडीच्या फळ्यांमधल्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासणाऱ्या कोळ्याच्या हातांची आठवण होते. काळही दोघांचा एकच, आगोटीच्या आधीचा कोरडा वैशाख, कारण एकदा मृग लागला की आतली ओल वाळत नाही. फसतात ते दोन ठिकाणी. काहीजण घराच्या दुरुस्तीचे आंबूस वासाचे सिलिकॉन वापरतात. त्यातून निघणारी आम्लाची वाफ परावर्तकावरचा ॲल्युमिनियमचा पातळ थर खराब करते. काहीजण अतिदक्षतेने ती श्वासाची वाकडी नळीही बुजवतात, आणि मग आत अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही.

कायद्याचा प्रश्न येतो तो दिवा उघडल्यावर आत काय घातले यावरून. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील बदलांवर निर्बंध घालते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कारखानदाराच्या तपशिलाविरुद्ध जाणारे फेरफार अमान्य ठरवले. साध्या बल्बच्या घरात झगझगीत एलईडी खुपसणारा तरुण त्या कलमाच्या तडाख्यात सापडला तर मला हळहळ वाटणार नाही. वडखळच्या पुढे समोरून येणाऱ्या अशा दिव्यांनी मिनिडोर रिक्षांचे चालक आंधळे होतात. परंतु तोच दिवा, तोच बल्ब आणि तेवढाच उजेड ठेवून केवळ सांधा पुन्हा भरणारा मनुष्य वाहनात कोणता बदल करतो?

दिवा पुन्हा बसवला की त्याचा नेम थोडा चुकतो, आणि तो साधण्याची जुनी पद्धत अद्याप चालते. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची, दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूने आडवी रेघ मारायची आणि डिपरची वरची कड त्या रेघेच्या किंचित खाली येईपर्यंत मागचा स्क्रू फिरवायचा. पासिंगच्या दिवशी तपासतात ते उजेड कोठे पडतो एवढेच. काच मधल्या काळात कोणी उघडली होती, हे विचारण्याचा शिरस्ता नाही.