डोंगराची वही

आमच्याकडं फॉरेस्ट या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे डोंगर आणि दुसरा म्हणजे खातं. "गुरं फॉरेस्टात गेली" आणि "फॉरेस्टवाले आलेत, गुरं वळव" ही दोन्ही वाक्यं आम्ही एका दमात बोलतो. किकवी हे पुणे-सातारा रस्त्यावरचं गाव. भोर-वेल्ह्याच्या पश्चिम अंगाला पाऊस धो धो कोसळतो, तिकडं ऐन, हिरडा, जांभूळ. आमच्यापर्यंत येता येता तो पाऊस दमतो. म्हणून आमच्या डोंगरांवर कुसळी गवत, खैर, बोर, करवंद.

या डोंगरांवर खात्यानं किती झाडं लावली आणि त्यातली किती जगली, याचा हिशेब खातंच ठेवतं. मग त्या हिशेबाची तपासणी कोण करतं? पारावर हा विषय निघाला की उत्तर ठरलेलं, "तेच लावणार, तेच मोजणार. पोरानं स्वतःचाच पेपर तपासला तर नापास कोण होईल?" हे उत्तर निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं सांगावं म्हणून हे लिहितो.

या गोष्टीची सुरुवात आपल्या पुण्याजवळच झाली. अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला जंगल संरक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. सह्याद्रीतली जंगलं पाहायची आणि वर अहवाल पाठवायचा, हे त्याचं काम. म्हणजे जंगल आधी कागदावर आलं, खातं नंतर. पुढं १८६४ साली ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस सगळ्या हिंदुस्थानच्या जंगलांचा मुख्य झाला. त्याआधी ब्रह्मदेशात असताना त्यानं ठरलेल्या रेषेनं जाऊन साग मोजला. बांबूच्या तुकड्यांवर खाचा पाडून तो हिशेब ठेवायचा, असं सांगतात. आमच्या गुराख्यांनी हे ऐकलं तर त्यांना नवल वाटणार नाही. जनावरं मोजायला काठीवर खाच पाडणं काही नवं नाही. ब्रँडिसच्या वळणानं जंगलाचे तुकडे पडले, त्यांना नंबर मिळाले, प्रत्येक तुकड्याची वही झाली. आज खात्यात त्याला 'कक्ष' म्हणतात. आम्ही 'कंपार्टमेंट नंबर' म्हणतो.

पण वही झाली तशी हद्दही झाली. १८७८ च्या कायद्यानं राखीव जंगलं पक्की झाली आणि गावांची कुरणं, राबाचा पाला, जळण यांवर बंदी आली. जोतीराव फुल्यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये या खात्याबद्दलचं गाऱ्हाणं मांडलं आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ साली मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ साली आला. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर फांद्या कुठून तोडायच्या, हा त्यातला एक मोठा प्रश्न होता. सरकारनं आपल्याच खात्याचं काम तपासायला घेतल्याचा आपल्या भागातला हा जुना दाखला. लोकांनी अर्ज केले, आरडाओरडा केला, म्हणून ती तपासणी झाली, हे मात्र विसरू नये.

भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान होतं. ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं आणि इथल्या डोंगरांच्या वह्याही सरकारी दप्तरात गेल्या.

मी दहावी झालो तेव्हा रोजगार हमीची कामं चालू होती. १९७२ च्या दुष्काळापासून ती योजना माणसांच्या अंगवळणी पडली होती. आम्ही डोंगरावर खड्डे खणायला जायचो. मुकादम पट्टी घालून खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली बघायचा. खोली बोटभर कमी भरली तरी पुन्हा खणायला लावायचा. हजेरीपट चोख, मोजमाप चोख. पण पुढच्या उन्हाळ्यात त्या खड्ड्यातलं रोप आहे का गेलं, याच्याशी आमच्या मजुरीचा काही संबंध नव्हता. त्या मोजणीत माती होती, झाड नव्हतं.

आज खात्यातली तपासणी बरीच पुढं गेली आहे. वनरक्षकाच्या ताब्यात जेवढं जंगल, त्याला बीट म्हणतात. वरचे अधिकारी बीट तपासणीला येतात आणि चोरून तोडलेल्या झाडांचे बुडखे मोजतात. खात्याच्या भाषेत ते थूट. ज्या बुडख्याची नोंद वनरक्षकानं आधी केलेली नाही, त्याचा जाब त्याला द्यावा लागतो. यात पकडला जातो तो बहुतेक सगळ्यात खालचा माणूस, हेही खरं. रोपवनासाठी वेगळी नोंदवही असते. खड्डे किती, रोपं कुठल्या जातीची, कुठल्या रोपवाटिकेतून आली, खर्च किती, मेलेल्या रोपांच्या जागी नवी किती लावली, सगळं तिच्यात लिहायचं. शिवाय मूल्यांकनाची वेगळी शाखा आहे. ज्यांनी झाडं लावली त्यांनी मोजायची नाहीत, दुसऱ्यांनी येऊन मोजायची, हा तिचा पाया.

अशी एक मोजणी मी जवळून पाहिली. कुठल्या डोंगरावर ते सांगत नाही, कारण त्यात कोणाला उणं दाखवायचं नाही. मोजणारे साहेब बाहेरून आले होते. इथल्या माणसांनी त्यांना रस्त्याकडच्या रांगांकडं नेलं. तिथं टँकर पोचतो, त्यामुळं रोपं टवटवीत. साहेब हसले आणि म्हणाले, "या रांगा मी येतानाच बघितल्या." मग नकाशा काढून त्यांनी स्वतः जागा निवडल्या. एक चढावर, एक पलीकडच्या उतारावर, एक खडकाजवळ. प्रत्येक ठिकाणी दोरी धरून चौकोन आखला आणि एकेक खड्डा बघितला. वाळलेल्या काडीला नखानं खरवडून आत हिरवं आहे का ते पाहिलं. आकडा जो आला तो लिहिला. तपासणी अशी झाली तर 'तेच लावणार, तेच मोजणार' हे बोलणं मागं घ्यावं लागेल.

तरी त्या दिवशी दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. गिरीपुष्पाचं रोप जिवंत म्हणून एक आकडा आणि खैराचं रोप जिवंत म्हणूनही एकच आकडा. गिरीपुष्प, म्हणजे आमची उंदीरमारी, गुरं खात नाहीत म्हणून ती हमखास जगते आणि टक्का वर चढतो. दुसरं असं की, खड्डे आखताना जी करवंदाची जाळी साफ झाली, ती कुठल्याच रकान्यात नव्हती. जुन्या बुडख्याला आपोआप आलेला फुटवाही नव्हता. लावलेलं तेवढंच मोजायचं. वाढलेलं आणि गेलेलं, दोन्ही वहीबाहेर.

ही वही किती महत्त्वाची, हे अलीकडं सगळ्या राज्यानं पाहिलं. १ जुलै २०१६ ला एका दिवसात २ कोटी झाडं लावायचं ठरलं आणि २ कोटी ८२ लाख लावल्याचं जाहीर झालं. मग २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी अशी उद्दिष्टं आली. या तीन वर्षांची मिळून ५० कोटींची मोहीम. शाळेतली पोरं, तलाठी, ग्रामसेवक, सगळे खड्ड्यापाशी उभे राहिले. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात आणि उन्हाळा सरताना मे महिन्यात जिवंत रोपं मोजायची, असं ठरवून दिलेलं होतं. सरकार बदललं आणि झाडं खरंच आहेत का, असा वाद विधानसभेत पेटला. २०२१ साली चौकशीला आमदारांची समिती नेमली गेली. एक बाजू म्हणे कागदावरची झाडं, दुसरी म्हणे आमच्याकडं पुरावा आहे. राजकारण आपण बाजूला ठेवू. पण ऑक्टोबर आणि मे चे आकडे गावागावांत आधीच वाचून दाखवले असते, तर वाद मुंबईत नेऊन करायची गरज उरली नसती. डोंगर गावापुढंच उभा आहे.

बाहेरची तपासणी काय दाखवू शकते त्याचंही एक उदाहरण देतो. धरणं, खाणी, रस्ते यांना जंगल दिलं की बदल्यात बिगरजंगल जमीन घेऊन तिथं झाडं लावायची असतात. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ साली याचा हिशेब मांडला. २००६ ते २०१२ या काळात १ लाख ३ हजार हेक्टरच्या वर जमीन मिळायला हवी होती. मिळाली ती २८ हजार हेक्टर, आणि त्या जमिनीवर झाडं लागली ती सव्वासात हजार हेक्टरच्या आसपास. परीक्षकांनी डोंगर चढून काही नवं शोधलं नव्हतं. खात्यांच्याच वह्या त्यांनी शेजारीशेजारी ठेवल्या.

गावाचं यात काय अडलंय, असं शहरातला वाचक विचारील. डोंगरावर रोपवन आलं की चराईबंदी येते. ज्याची चार शेरडं त्या डोंगरावर जगतात, त्यानं ती विकायची किंवा लांब न्यायची. रोपवन जगलं तर पुढं गवत कापून नेता येतं, ओढ्याचं पाणी चार दिवस जास्त टिकतं आणि गावाला ती बंदी पटते. रोपवन मेलं तर सरकारचा पैसा जातो तो वहीत दिसतो, पण शेरडं गेली ती कुठं लिहिलेली नसतात. एकदा असं झालं की पुढच्या वेळी कोणी कुंपण मानत नाही. मग वणवा लागला तरी माणसं विझवायला जात नाहीत, घरी बसतात.

यावर उपाय नवा नाही. रोजगार हमीच्या केंद्राच्या कायद्यात ग्रामसभेनं कामाचं सामाजिक अंकेक्षण करायचं कलम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेकडं दिला आहे. महाराष्ट्रात १९९२ पासून संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समित्या होत आल्या आहेत. म्हणजे दारं तीन आहेत, फक्त आत वही यायला हवी. ऑक्टोबरची मोजणी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आणि मे ची मोजणी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, कंपार्टमेंट नंबरासकट, वनरक्षकानं मोठ्यानं वाचावी. जात वेगळी सांगावी, खैर किती, उंदीरमारी किती. फुटवा किती धरला आणि चराई किती बंद झाली, हे दोन रकाने वाढवावेत. वाचून झालं की कोणीतरी म्हातारा उठून म्हणेल, "साहेब, त्या उतारावर एवढी नाहीत." किंवा म्हणेल, "बरोबर आहे, मी रोज बघतो." दोन्ही वेळा वनरक्षकाचंच काम सोपं होईल. खोटा आकडा वर पाठवायला त्याच्यावर कोणी दाब आणला, तर त्याला सांगता येईल की गावापुढं वाचायचं आहे.