समुदाय-निर्देशित औषधोपचार
आफ्रिकेतील नदीअंधत्व या रोगाच्या नियंत्रणासाठी सामाजिक संशोधनातून घडलेली पद्धत. वेगाने वाहणाऱ्या नद्यांकाठी वाढणाऱ्या काळ्या माश्यांच्या चाव्यातून हा कृमिजन्य रोग पसरतो. तीव्र खाज सुटते व पुढे दृष्टी जाते. १९८७ मध्ये मर्क कंपनीने आयव्हरमेक्टिन मोफत देण्याचे जाहीर केले. हे औषध कृमींच्या पिलांना मारते, प्रौढ कृमींना नाही. त्यामुळे ते अनेक वर्षे नियमित द्यावे लागते. फिरत्या आरोग्य पथकांना दुर्गम गावांत इतका काळ जात राहणे परवडणारे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या उष्णकटिबंधीय रोग संशोधन कार्यक्रमाने (स्थापना १९७५) १९९० च्या दशकात अनेक देशांत अभ्यास करून वाटपाचा निर्णयच गावाकडे सोपवला. वाटप केव्हा, कसे व कोणी करायचे हे गावकरीच ठरवतात. निवडलेला स्वयंसेवक खुणा केलेल्या काठीने उंची मोजून गोळ्यांची संख्या ठरवतो. वजनकाटा लागत नाही. गावाच्या निर्णयशक्तीवर टाकलेला हा विश्वास हेच या संशोधनाचे खरे यश होय. १९९५ मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकी नियंत्रण कार्यक्रमाने ही पद्धत स्वीकारली. पुढे नायजेरिया, कॅमेरून व युगांडात याच मार्गाने मच्छरदाण्या आणि मलेरियाची औषधेही अधिक घरांपर्यंत पोहोचली.