नवस, सराव आणि औषध : रक्ताच्या कर्करोगासाठी धावण्याचा इतिहास

दानाच्या इतिहासात एक प्रश्न वरवर सोपा दिसतो, पण हातात घेतला की चटकन सुटत नाही. कोणाच्या तरी मुलाला रक्ताचा कर्करोग होतो आणि त्यासाठी दुसराच कोणी बेचाळीस किलोमीटर धावतो. आता पैसेच द्यायचे तर सरळ द्यावेत, धावायचं कशाला? आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. यातलं खरं मोल शर्यतीच्या दिवसाला नाही, त्याआधीच्या चार-पाच महिन्यांच्या सरावाला आहे. हे कसं, ते आता पाहू.

१९४४ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट रोसलर डी व्हिलियर्स नावाचा सोळा वर्षांचा मुलगा ल्युकेमियाने गेला. त्या काळी डॉक्टरांच्या हातात धीर देण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. १९४९ मध्ये आईवडिलांनी मुलाच्या नावाने एक संस्था काढली. गेलेल्या माणसाच्या नावाने धर्मशाळा बांधावी, पाणपोई घालावी, ही रीत आपल्या ओळखीची आहे. इथे मात्र संशोधनाला पैसा पुरवायचं ठरलं. हीच संस्था पुढे 'ल्युकेमिया अँड लिम्फोमा सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली.

संशोधनावर भरवसा ठेवावा, असं तेव्हा काय घडलं होतं? या गोष्टीत आपली मुंबईही येते. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये दिसणाऱ्या एका गंभीर पंडुरोगाचं कारण ती शोधत होती. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्लाच्या रूपाने ओळखला गेला. मग अमेरिकेत, मूळचे आंध्रातले असलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने याच आम्लासारखी दिसणारी, पण शरीरातलं त्याचं काम अडवणारी रसायनं तयार केली. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांतलं अमिनोप्टेरिन ल्युकेमियाच्या सोळा मुलांना दिलं. दहा जणांत सुधारणा दिसली आणि १९४८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुधारणा टिकली नाही, आजार परत आला. पण हा आजार मागे हटू शकतो, हे तर कळलं! बघा, विल्स काही कर्करोग शोधत नव्हती. संशोधनाला दिलेला पैसा कोणाच्या उपयोगी पडेल आणि कधी, हे देणाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून हे दान अवघड आहे. त्याला थांबण्याची तयारी लागते.

आता धावण्याकडे येऊ. न्यूयॉर्क मॅरेथॉन १९७० साली सुरू झाली तेव्हा सेंट्रल पार्कमध्ये १२७ जण धावायला उभे होते आणि ५५ जणांनी ती पूर्ण केली. १९७६ पासून ती शहराच्या पाचही भागांतून जाऊ लागली आणि बघता बघता साध्या नोकरदार माणसांची झाली. १९८८ साली ब्रूस क्लीलंड या गृहस्थांनी, ल्युकेमियातून वाचलेल्या आपल्या मुलीसाठी, जॉर्जियासाठी, ३८ जणांचा चमू जमवला. सगळ्यांनी एकत्र सराव केला, ही मॅरेथॉन धावले आणि सोसायटीसाठी ३,२२,००० डॉलर उभे केले. त्यातून 'टीम इन ट्रेनिंग' हा उपक्रम निघाला. पुढच्या काळात त्याने एक अब्ज डॉलरहून अधिक निधी जमवला. नाव लक्षात घ्या. नावात शर्यत नाही, सराव आहे.

हा सराव असतो कसा? ज्याने कधी पाच किलोमीटरही धावून पाहिलेले नाहीत, असा माणूस चार-पाच महिने आधी नाव नोंदवतो. आठवड्यातून तीन-चार दिवस धावणं, शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून एक लांबची धाव. ती हळूहळू वाढवत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यायची. घाई केली की गुडघे आणि नडग्या बोलायला लागतात. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करायचं, म्हणजे शरीर ताजं होतं. आणि सराव सुरू होण्यापूर्वी कोणीतरी उभं राहून एखाद्या रुग्णाची हकीकत सांगतं. कधी तो रुग्ण स्वतःच समोर असतो. मग बत्तीसाव्या किलोमीटरला पाय जड झाले तरी माणूस कोणासाठी धावतोय, ते विसरत नाही.

आपल्याकडे असं संकट आलं की नवस बोलतात. लेकरू वाचव, मी अनवाणी चालत येईन. क्लीलंड यांच्या धावण्यातही नवस फेडण्याचा अंश आहेच. पण नवस माझ्या घरापुरता असतो आणि फेडला की संपतो. इथे मुलगी एकाची होती आणि धावणारे अडतीस. लाभ ज्यांना व्हायचा, ती माणसं तर कोणाच्याच ओळखीची नव्हती. आमच्या मते नवसाचं इथे व्रत झालं, आणि व्रत म्हटलं की नेम आला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. जमलेल्या पैशातला काही भाग धावणाऱ्यांच्या प्रवेशशुल्कावर, प्रशिक्षकांवर, प्रवासावर जातो. मग प्रयोगशाळेत किती पोचलं? हा हिशेब मागायलाच हवा. पण दुसरीही बाजू पाहा. १९८८ चे ते पैसे माणशी सुमारे साडेआठ हजार डॉलर होतात. एवढा चेक आपल्यातले किती जण स्वतः फाडतील? धावणारा मात्र चार महिने शेजाऱ्यांकडे, कचेरीत, नातलगांकडे मागत राहतो. पहाटे उठून धावतोय हे लोक बघतात, म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात. सराव त्याला मागण्याचा अधिकार देतो.

फळ काय मिळालं? एकेकाळी लहान मुलांचा तीव्र ल्युकेमिया म्हणजे मृत्यूच होता. आज प्रगत देशांत त्यातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात दहापैकी सुमारे नऊ मुलं वाचतात. सोसायटीने ज्यांच्या संशोधनाला साहाय्य केलं, त्यांत ब्रायन ड्रुकर होते. त्यांच्या कामातून पुढे आलेल्या इमॅटिनिबला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एका प्रकारच्या जुनाट ल्युकेमियाचे रुग्ण रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं जगू लागले.

पण गोष्ट इथे थांबत नाही. भारतात या औषधाची मूळ कंपनीची किंमत महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये होती, भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळत होतं. मूळ कंपनीच्या पेटंटच्या अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारलं. म्हणजे औषध शोधणं हे एक काम आणि ते गिरणगावातल्या रुग्णापर्यंत पोचवणं हे दुसरं. त्यालाही तितकाच दम लागतो.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी पुढच्या मॅरेथॉनला एखाद्या संस्थेसाठी नाव नोंदवणार असाल, तर जरूर नोंदवा. सरावाच्या त्या महिन्यांत दोन प्रश्न सोबत ठेवा : हा पैसा कुठे जातो, आणि त्यातून जे निघेल ते कोणाला परवडेल? शर्यत झाल्यावरही हे विचारत राहा. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.