बंडखोर प्रतिमांचे जाहिरातीकरण
प्रस्थापितविरोधी चळवळींची चिन्हे, संगीत व वेशभूषा वापरून माल खपवण्याची व्यापारी रीत. चे गेव्हारा यांचे छायाचित्र हे तिचे सर्वांत बोलके उदाहरण. आल्बेर्तो कोर्दा यांनी ते ५ मार्च १९६० रोजी हवाना येथे, ‘ला कूब्र’ जहाजावरील स्फोटातील मृतांच्या शोकसभेत टिपले. भांडवलशाहीच्या या कट्टर वैऱ्याचा चेहरा पुढे टी-शर्टांवर जगभर विकला गेला. स्वतः क्यूबातील क्रांतीचे समर्थक असलेल्या कोर्दांची त्याला फारशी हरकत नव्हती. स्मिर्नोफ व्होडकाच्या जाहिरातीत तो झळकल्यावर मात्र २००० मध्ये त्यांनी दावा लावला आणि तडजोडीत मिळालेली रक्कम क्यूबातील वैद्यकीय सेवेला दिली. बीटल्सचे ‘रेव्होल्यूशन’ १९८७ मध्ये नायकीच्या बुटांसाठी वाजले, तेव्हाही प्रकरण न्यायालयात गेलेच. टॉमस फ्रँक यांच्या ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ कूल’ (१९९७) या ग्रंथानुसार साठच्या दशकातील अमेरिकी जाहिरातदार स्वतःही चाकोरीला विटलेले होते.