वळिवड्याची वाट

नातवानं दहावी झाल्यावर हट्ट करून गिअरची सायकल घेतली. जाड टायर, पुढच्या चाकाला स्प्रिंग, आडवं हँडल. दुकानदार म्हणाला, ही डोंगर चढायची सायकल. आमच्याकडं डोंगर कुठला आलाय? कोल्हापूरच्या पूर्वेला पंचगंगेच्या काठाची सपाट काळी रानं, उसाचे फड आणि त्यांच्यामधनं जाणाऱ्या पाणंदी. पोराची हौस चार महिन्यांत फिटली. तो मोटारसायकलवर कॉलेजला जायला लागला आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली. मला डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सायकल चालवायला सांगितलं होतं. मग म्हटलं, गंज चढण्यापेक्षा आपणच चालवू.

पहिले आठ दिवस गाव हसलं. "काय, म्हातारपणी शर्यतीला उतरताय काय?" मग सवय झाली. पण या सायकलीचा गुण सांगायलाच पाहिजे. उसाच्या ट्रॉल्यांनी पाणंदीत गुडघाभर चाकोऱ्या पाडल्यात. साध्या सायकलीचं चाक त्यात अडकून माणूस खाली येतो, ही मात्र बिनघोर जाते. सकाळी धारा झाल्या, की मी निघतो. वसगडे, गडमुडशिंगी मागं टाकायची. जानेवारीत गुऱ्हाळाचा धूर रानावर लोंबकळत असतो, काकवीचा वास येतो. मग गांधीनगरची कापडाची दुकानं आणि त्याला लागून वळिवडे.

या वाटेनं माझी आजी रोज दूध घेऊन जायची. साल १९४३ ते १९४८. कुणाला? तर पोलंडच्या लोकांना.

शहरातल्या वाचकाला हे खोटं वाटेल. मलाही लहानपणी ती आमच्या अण्णांची थाप वाटायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा तेरा वर्षांचे होते. आजीच्या डोक्यावर दुधाची घागर आणि अण्णांच्या हातात अंड्यांची पाटी. वळिवड्याच्या माळावर लांबच लांब बराकी होत्या, वर कौलं आणि भिंतींना बांबूचे तट्टे. आत गोऱ्यापान बायका आणि त्यांची सोनेरी केसांची पोरं. अण्णा सांगायचे, "आम्ही लांबनंच वरडायचो, म्लेको, म्लेको! म्हंजे दूध. आन त्या बाया म्हणायच्या, ज्येन दोब्री. म्हंजे रामराम." हे दोन शब्द अण्णांना मरेपर्यंत पाठ होते. शाळा चौथीच, पण पोलंडची भाषा येते म्हणून ते मिशीवर ताव द्यायचे.

ही माणसं इथं कशी आली, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. मी दहावीपर्यंत शिकलो, पण दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात वळिवड्याचं नाव मला तरी कुणी सांगितलं नाही. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला हे पाठ होतं. १७ सप्टेंबरला रशिया दुसऱ्या बाजूनं आत शिरला, हे नंतर वाचलं. पोलंडचा पूर्वेकडचा मुलूख रशियानं घेतला आणि १९४० च्या फेब्रुवारीपासून तिथल्या कुटुंबांना घरातनं उठवून मालगाडीच्या डब्यांत भरलं. त्यात शेतकरी होते, मास्तर होते, जंगलखात्यातले होते. त्यांना सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. भूक, थंडी आणि सक्तीची मजुरी. किती मेले त्याची गणती नाही.

जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा रशियाला पोलंडची गरज पडली. करार झाला आणि ही माणसं सुटली. तगडे पुरुष जनरल अँडर्स यांच्या फौजेत गेले. १९४२ मध्ये फौज आणि तिच्याबरोबरची बायकापोरं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. फौज लढायला जाणार. बायकापोरांनी जायचं कुठं? जामनगरच्या जामसाहेबांनी अनाथ मुलांना बालाचडीला आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. कराचीला जहाजानं आणि पुढं रेल्वेनं माणसं आली. जवळजवळ पाच हजार, बहुतेक बाया आणि मुलं. खर्च पोलंडच्या सरकारचा, आणि ते सरकारच लंडनला परागंदा होऊन बसलेलं.

आपल्याकडचे तेव्हाचे दिवसही बघा. छावणी उभारायच्या आधी काही महिने, १३ डिसेंबर १९४२ ला, गारगोटीच्या खजिन्यावर स्वातंत्र्यवाल्यांनी हल्ला केला आणि सातजण हुतात्मा झाले. धान्याची टंचाई. एकीकडं पोरं इंग्रजाविरुद्ध मरत होती, दुसरीकडं इंग्रजाच्याच पलटणीत भरती होत होती. आमच्या घरात अण्णांचे थोरले भाऊ, तात्या, मराठा पलटणीत गेले होते. रानात पोट भरत नव्हतं, हे कारण. देशाबिशाचं कुणी विचारलं नव्हतं.

तात्या १९४६ ला परत आले. डाव्या पायात लंगडत. युद्धाचं फार बोलायचे नाहीत. मी लहान असताना कधी पावसात उसाला बांध घालताना चिखलात पाय रुतला, की तेवढं म्हणायचे, "इटलीत असाच चिखल. खेचरं पोटापर्यंत रुतायची." आणि एका नदीचं सांगायचे. "नदी बारकीच, पण दोन्ही अंगाला घरापेक्षा उंच बांध. बांधाच्या पोटात जर्मन बसल्याला. त्या राती आमी हिकडनं आन पोलीस तिकडनं." आम्ही पोरं हसायचो. लढाईत पोलीस कशाला? चोर धरायला? तात्याही हसायचे आणि तंबाखू मळायला लागायचे.

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. पेपरात बातमी आली, की आपले पंतप्रधान पोलंडची राजधानी वॉर्सा इथं गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली. हे स्मारक २०१७ मध्ये तिथं उभं राहिलं, वळिवड्याच्या आठवणीसाठी. त्याच बातमीत दुसऱ्या एका स्मारकाचं नाव होतं, मोन्ते कॅसिनोचं. इटलीतल्या त्या डोंगरावरचा मठ मे १९४४ मध्ये पोलंडच्या फौजेनं घेतला. मी चहाचा कप खाली ठेवला. पोलंडची फौज इटलीत? म्हणजे तात्यांचे पोलीस कोण?

पोलिश! तात्या पोलिश म्हणत होते, आणि आम्ही पोलीस ऐकत होतो. अण्णा त्यांना पोलंडवाले म्हणायचे. एकाच घरात दोन सख्खे भाऊ चाळीस वर्षं एका ताटवाटीला बसले, आणि दोघं एकाच लोकांबद्दल बोलतायत हे त्या दोघांनाही कळलं नाही, आम्हालाही नाही. वळिवड्याच्या बराकीत ज्यांची बायकापोरं होती, त्यांतले कितीतरी गडी तात्यांच्या शेजारी इटलीत लढत होते.

मग मी नदी शोधली. तालुक्याच्या वाचनालयात बसलो, ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी नकाशा काढून दिला. नदीचं नाव सेनियो. पुराचं पाणी रानात येऊ नये म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी उंच बांध घातलेले. ९ एप्रिल १९४५ ला तिच्यावर हल्ला झाला. एका टप्प्यावर आठवी हिंदी डिव्हिजन, मधे न्यूझीलंडचे, आणि त्यांच्या पलीकडं पोलंडची फौज. तात्या बोलले होते ते अक्षर न् अक्षर खरं. त्याच दिवशी नगर जिल्ह्यातल्या निमज गावच्या शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारात जखमींना पाण्यातनं पाठीवर आणलं, मशीनगनी बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी, १० जुलै १९४४ ला, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनवर चालून गेले आणि पडले. त्यांनाही मरणोत्तर तोच मान. मोन्तोने नावाच्या गावात त्यांच्या नावानं सावलीचं घड्याळ बसवलंय, २०२३ मध्ये. द्राक्षाची, गव्हाची शांत रानं आहेत म्हणे तिथं, आमच्यासारखीच. लोक सायकली घेऊन फिरायला जातात.

आता राहिली पोलंडवाल्यांची गत. सेनियो ओलांडून ते २१ एप्रिलला बोलोन्या शहरात शिरले. लढाई जिंकली. पण त्याआधीच, फेब्रुवारीत, याल्टा गावी तीन बड्यांनी बसून पूर्व पोलंड रशियाकडंच ठेवायचा ठरवून टाकला होता. म्हणजे ज्यानं मोन्ते कॅसिनोचा डोंगर घेतला, त्याचं स्वतःचं रान गेलं ते गेलंच. आमच्याकडं सरकारी मोजणी असली तर शेजाऱ्यालासुद्धा नोटीस येते. यांना कुणी विचारलंही नाही. वळिवड्यातली थोडी माणसं पोलंडला गेली. पुष्कळजण इंग्लंडला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला पांगली. एक पोरगी मात्र इथल्याच माणसाशी लग्न करून कोल्हापूरकर झाली. १९४८ पर्यंत छावणी मोकळी झाली आणि त्या बराकींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. त्यांचंही रान, घरदार सिंधमध्ये राहिलेलं. त्यांनी गाठोड्यातनं कापड विकत विकत आजचं गांधीनगर उभं केलं. एक माळ, आणि पाठोपाठ दोन बेघर झालेल्या लोकांना त्यानं अंगावर घेतलं.

आज बराकी बघायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. कोल्हापुरात महावीर उद्यानात एक स्तंभ आहे, ख्रिश्चन दफनभूमीत काही पोलिश कबरी आहेत, आणि २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मृतिस्तंभ झाला. मी सायकल स्तंभाजवळ लावतो, पाणी पितो आणि अण्णांनी सांगितलेली एक गोष्ट आठवतो.

एका बाईकडं आजीचा रतीब होता. एक बारकं पोर होतं तिला. एकदा तिनं आजीला थांबवून फोटो दाखवला. खाकीतला गडी, डोक्याला तिरपी टोपी. नवरा असणार. आजीनं कमरेची पिशवी सोडली आणि तिनंही फोटो काढला, तात्यांचा, खाकीतला. "माझा थोरला," म्हणाली. बोलणं एकमेकींना कळलं नाही. दोघी उंबऱ्यात बसून रडल्या. अण्णा अंड्यांची पाटी धरून उभे. त्या दिवशी आजीनं दूध जरा जास्त घातलं आणि पैसे तेवढेच घेतले, हे अण्णांना चांगलं आठवत होतं, कारण घरी येऊन आजोबांनी हिशोब विचारला होता.

त्या बाईचं नाव काय, तिचा नवरा परत आला काय, ती पुढं कुठं गेली, हे मी अण्णांना विचारलं नाही. ऐकायचो आणि उठून खेळायला जायचो. तात्यांनाही विचारलं नाही, की ते पोलीस कोण. दोघं जिवंत असताना एकदा सांगायला पाहिजे होतं, तात्या, तुमच्या त्या नदीच्या राती आजी त्यांच्याच पोरांना दूध घालत होती. आता सांगणार कुणाला?

गेल्या दिवाळीत नातू सुट्टीला आला. म्हणाला, "आज्जा, मी बी येतो." भाड्यानं दुसरी सायकल आणली आणि दोघं निघालो. वाटेत त्याला हे सगळं सांगितलं. तो गप्प ऐकत होता. वळिवड्यात पोचल्यावर मोबाइल बघून म्हणाला, "साडेसहा किलोमीटर झाले."

मी म्हटलं, "आजी अनवाणी यायची. डोक्यावर घागर घेऊन."

त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि विचारलं, "दूध म्हणजे काय म्हणायचे ते?"

"म्लेको," मी म्हटलं.